एक सामान्य प्रेक्षक

सिनेमा न पाहता त्याचं परीक्षण लिहिण्याची कला आमच्या भावोजींना साधली होती आणि ते छापण्याचं पाप माझ्या माथी होतं.

मी एका साप्ताहिकात मुद्रितशोधक आहे. म्हणजे लोकांनी लिहिलेलं वाचायचं, चुका काढायच्या आणि कुणी आभार मानेल अशी आशा धरायची नाही. भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत ‘आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?’ असं विचारायचं, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक ‘आता’ म्हणालं की ते खूश. सिनेमाच्या बाबतीत मात्र त्यांचं स्वतःचं उत्तर तीस वर्षं एकच होतं. मघाशी.

‘अकरावा ग्रह’ हा जुना कृष्णधवल सिनेमा. सहा माणसं यानात बसून लांबच्या एका ग्रहावर उतरतात. तिथे पाऊल टाकणाऱ्याची सावली जमिनीला चिकटते आणि माणूस निघून गेला तरी ती मागेच राहते, अशी एकंदर भानगड. यान पुठ्ठ्याचं आहे हे कुणी सांगावं लागत नाही. वादळाच्या प्रसंगात ज्या पंख्याने ते वादळ आणलं, त्याची पाती मागच्या डोंगरावर फिरताना दिसतात. शेवटी यान उडून जातं, बाकीच्या सावल्या विरतात, वादळात मेलेल्या मेकॅनिकची एकटीच उरते आणि एक हात वर करते. संपला सिनेमा. तो हात निरोपाचा होता, मदतीचा होता, की दिव्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मान खाजवायची होती, यावर भावोजींच्या मंडळात तीस वर्षं चर्चा चालू होती आणि ती अजून रंगात यायची होती.

मंडळाचं नाव ‘अकरावा ग्रह रसिक मंडळ’. सभासद अकरा असावेत अशी फार इच्छा होती, पण नऊच्या पुढे गाडी सरकली नाही. भावोजी अध्यक्ष. उपाध्यक्ष मास्तर, म्हणजे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. सावली अशी मागे राहणं का अशक्य आहे हे ते आधी अर्धा तास सिद्ध करायचे आणि मग ‘म्हणूनच हा सिनेमा थोर’ असा निष्कर्ष काढायचे. चिटणीस होते कॅप्टन. ते कुठल्याही जहाजाचे कॅप्टन नव्हते. धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत त्यांची नोकरी झाली होती, तिथली टोपी तेवढी निवृत्त झाली नव्हती.

दर रविवारी दुपारी ही मंडळी ताईच्या पुढच्या खोलीत जमायची. पडदे ओढायचे, सिनेमा लावायचा आणि ताईने चहा आणायचा. ताईने तो सिनेमा हजारदा तरी पाहिला असेल, पण सलग असा कधीच नाही. चहा नेताना वादळ आणि कप उचलताना सावली.

आणि एके दिवशी बातमी आली की ‘अकरावा ग्रह’ नव्याने काढलाय. रंगीत. कॉम्प्युटरवर केलेला ग्रह. खरंखुरं वाटणारं यान.

मंडळात सुतक पसरलं. कॅप्टनांनी निषेधाचा ठराव मांडला आणि तो एकमताने पास झाला. सिनेमा कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे मतभेदाला वाव नव्हता.

इकडे आमच्या संपादकांची वेगळीच घाई. सिनेमा शुक्रवारी लागणार, आमचा अंकही शुक्रवारी निघणार.

“परीक्षण गुरुवारी दुपारपर्यंत टेबलावर पाहिजे,” ते म्हणाले.

“पण साहेब, तोवर कुणीच पाहिलेला नसेल.”

“तुमचे भावोजी आहेत ना? त्यांना कशाला पाहावा लागतोय?”

भावोजींना खरंच लागला नाही. ‘सावलीचा खून’ या मथळ्याखाली त्यांनी दोन कॉलम लिहून दिले. ‘या चित्रपटात सर्व काही आहे, फक्त आत्मा नाही’ हे पहिलं वाक्य. ‘शेवटचा प्रसंग पाहताना मान शरमेने खाली गेली’ हे शेवटचं. मान खाली जायला आधी तिकीट काढून आत बसावं लागतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, “अरे, जाणारच आहे. एक दिवस आधी गेली समज.”

शुक्रवारी दुपारच्या खेळाला मंडळ दंडाला काळ्या फिती लावून थेटरात शिरलं. तिकीट तपासणारीने अदबीने विचारलं, “कुणी गेलं का हो?” कॅप्टन खर्जात म्हणाले, “जातंय. आत.” ताईही आमच्याबरोबर आली होती. “घरी माझ्याच सोफ्यावर मला जागा नसते, तिथे तरी मिळेल,” असं तिचं साधं म्हणणं.

मास्तर चुका टिपायला वही घेऊन बसले. अंधारात दिसेना, तेव्हा एकाच ओळीवर त्यांनी सतरा चुका लिहिल्या. कॅप्टन यान उडण्याआधीच घोरायला लागले. पुढे सगळ्यांत कडक टीका त्यांनीच केली हे सांगायला नकोच.

सिनेमा तसा बरा होता. मधला भाग लांबवलेला, पार्श्वसंगीत असं की कानांवर कुणी पत्र्याचे डबे आपटतंय. पण शेवट बदलला होता. यान जातं. धूळ खाली बसते. मेकॅनिकची सावली जमिनीवर पडून राहते. हात वगैरे काही वर करत नाही. मग हळूच उठते, जिथे यान उभं होतं तिथे जाते, वाकते आणि काम करायला लागते. नसलेलं झाकण उघडते. नसलेले बोल्ट एकेक करून आवळते. एक आवळून झाला की दुसऱ्याकडे सरकते. बराच वेळ. थेटरात डबे आपटणारेही गप्प झाले होते.

मी सहज बाजूला पाहिलं. भावोजींनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकाने पुसत होते. शर्टाने चष्मा पुसणाऱ्या गिऱ्हाइकाला भर दुकानात फैलावर घेणारा हा माणूस. एकीकडून पुसला, दुसरीकडून पुसला, तरी पुसतच होता.

दिवे लागल्यावर मी विचारलं, “काय भावोजी?”

“धूळ फार आहे रे या थेटरात,” ते म्हणाले.

बाहेर जिन्यात जनता जनार्दन आपला कौल देत होती. एक बाई मैत्रिणीला सांगत होत्या, “जुन्याची सर नाही बाई याला.” जुना कधी पाहिला, असं मैत्रिणीने विचारलं, तर म्हणाल्या, “मी नाही, आईने पाहिला होता. तिला आवडला नव्हता.” एका जोडप्याला आपण पाहिला तो नवा, की जुना कुठे वेगळा असतो, याचाच उलगडा होत नव्हता. एक गृहस्थ खुर्च्यांवर बेहद्द खूश होते. पाठीला छान आधार मिळतो म्हणे.

पुढच्या आठवड्यात पत्रांचा ढीग आला. एरवी आमच्याकडे गटारं आणि भटकी कुत्री सोडून कुणी कशावर लिहीत नाही. आता सगळं गाव सिनेमावर बोलायला लागलं. एका दंतवैद्य बाईंनी कळवलं की अंतराळवीरांचे दात इतके पांढरे असणं शक्य नाही. कुणी लिहिलं, नवा पाहून जुन्याची किंमत कळली. कुणी लिहिलं, नवा पाहून जुन्याचा कंटाळा कळला. एकाने नुसतंच ‘तीव्र निषेध’ लिहून पाठवलं होतं. कशाचा ते आमच्यावर सोपवलं होतं.

त्या ढिगात एक पत्र निघालं. अक्षर असं की खेकड्याने शाईत पाय बुडवून कागदावर फेरफटका मारावा. खाली सही, ‘एक सामान्य प्रेक्षक’. आणि आत ‘सावलीचा खून’ या परीक्षणाची अशी चिरफाड केली होती की वाचताना माझे कान गरम झाले. ‘परीक्षकांनी हा चित्रपट; पाहिला असावा असे वाटत नाही, पाहिला असल्यास डोळे घरी ठेवून पाहिला असावा.’ पुढे लिहिलं होतं, ‘सावली काम करते तो प्रसंग जुन्या चित्रपटात सुचला असता, तर तो खरोखर थोर झाला असता.’

पण लिहिणारा कोण, ते मी दुसऱ्या ओळीतच ओळखलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत गावात अर्धविराम वापरणारा एकच माणूस मला भेटला आहे, आणि तो हमखास चुकीच्या जागी वापरतो. अक्षर डाव्या हाताचं होतं, विरामचिन्हं उजव्या.

मी त्यातला एकही अर्धविराम काढला नाही. पत्र तसंच छापायला सोडलं.

रविवारी मंडळात कॅप्टन अंक फडफडवत आत आले. “कोण हा हलकट? सामान्य प्रेक्षक म्हणे! सामान्य तर आहेच!”

मास्तर म्हणाले, “अध्यक्ष, याला असं उत्तर द्या, की पुन्हा लेखणी उचलायची हिंमत होता कामा नये.”

भावोजी खिडकीबाहेर पाहत होते. “तसं अगदीच वाईट लिहिलेलं नाही,” ते पुटपुटले.

“अध्यक्ष!”

“देतो, देतो. उत्तर देतो.”

दिलं. त्यावर सामान्य प्रेक्षकाचं प्रत्युत्तर आलं. त्यावर अध्यक्षांचं. असं सहा आठवडे चाललं. संपादक हवेत तरंगत होते. लोक चहाच्या टपरीवर अंक मोठ्याने वाचत होते, दोन बाजू पडल्या होत्या, सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एरवी लोक कुंपणावरून भांडतात, आता सावलीवरून. तेवढीच गावाची प्रगती.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. भावोजी हरत होते. अध्यक्षांची उत्तरं आठवड्यागणिक पोकळ होत चालली होती. तेच ते ‘अभिजात’, तेच ते ‘आत्मा’. आणि सामान्य प्रेक्षक दर आठवड्याला जास्त मोकळा, जास्त खट्याळ होत होता. माणूस स्वतःशी भांडूनही मार खाऊ शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं.

“ताई, भावोजी हल्ली बरंच लिहीत असतात ना?”

ताई भांडी पुसत होती. तिने मान वर न करता विचारलं, “कोणत्या हाताने?”

मी गारच पडलो.

“पहिल्या दिवशी मला वाटलं, झटका-बिटका आला की काय,” ती म्हणाली. “डाव्या हाताने लिहिताना जीभ बाहेर येते त्यांची. पण उजव्या हाताने लिहून झालं की चिडचिड करतात, डाव्याने लिहून झालं की पोटभर जेवतात. मग मी म्हटलं, चालू दे.”

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? पाकिटं मीच टाकते पोस्टात. दोन्हींची. एकाच दिवशी.”

हे असंच चाललं असतं, पण संपादकांना हाव सुटली. त्यांनी जाहीर करून टाकलं की शनिवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात अध्यक्ष विरुद्ध सामान्य प्रेक्षक असा आमनेसामने वाद होईल. मी त्यांना सतरा प्रकारे परावृत्त करायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “अहो, तो येईलच. इतकं लिहिणारा माणूस बोलल्याशिवाय राहील का?”

शनिवारी सभागृहात बसायला जागा नव्हती. दंतवैद्य बाई पहिल्या रांगेत होत्या. व्यासपीठावर टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचे दोन पेले. एका खुर्चीत भावोजी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मेल्याहून मेल्यासारखे. दुसरी खुर्ची रिकामी.

पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. लोक मागे वळून दाराकडे पाहत होते. अखेर कॅप्टनांनी टोपी सरळ केली आणि थेट व्यासपीठावर चढले.

“पळाला!” त्यांनी गर्जना केली. “मी म्हणत नव्हतो? कागदावर वाघ, समोर यायचं म्हटलं की शेळी! म्हणे सावलीने बोल्ट आवळले आणि मला रडू आलं! अरे, बोल्ट आवळताना पाहून रडणारा माणूस गॅरेजवरून कसा जात असेल?”

सभागृह खो-खो हसलं. त्यांना चेव आला.

“याला आमच्या अध्यक्षांच्या दुकानात पाठवा. नंबर काढून देतील. काय मास्तर?”

“नंबरने भागायचं नाही,” मास्तर खालून म्हणाले. “दोष डोळ्यांचा नाही, आत काही नाहीच.”

पुन्हा हशा. तेवढ्यात भावोजी उठले. आपला पेला उचलला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

लोकांना वाटलं, गंमत करताहेत. टाळ्या पडल्या. भावोजी टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

“बोला कॅप्टन,” ते म्हणाले. “आत काही नाही, इथपर्यंत आला होतात.”

कॅप्टनांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“ती पत्रं मी लिहिली आहेत. सगळी. परीक्षणही मीच लिहिलं, पण ते न पाहता लिहिलं. पत्रं पाहून लिहिली.” ते पाण्याचा घोट घ्यायला गेले, पण न घेताच पेला खाली ठेवला. “माझे वडील शेवटचे चार महिने अंथरुणात होते. मला ओळखत नव्हते. हिला नाही, कुणालाच नाही. पण त्यांची बोटं चालायची. अंगठा आणि हे बोट. अशी. डॉक्टर म्हणाले, नसांचं काहीतरी आहे. एक दिवस मी जवळ बसून नीट पाहिलं. ते चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळत होते. पंचेचाळीस वर्षं केलेलं काम. चष्मा नाही, स्क्रू नाही, माणूससुद्धा जवळजवळ नाही. बोटं तेवढी रोज कामावर येत होती.”

भावोजींनी पेला पुन्हा उचलला आणि या वेळी घोट घेतला.

“नवा सिनेमा ज्याने काढला त्याला मी ओळखत नाही. त्याचं संगीत भिकार आहे. पण ती सावली वाकली तेव्हा मला वाटलं, याने आमच्या घरी येऊन पाहिलंय.”

मास्तर उभे राहिले. “आणि जुना? त्याचं काय?”

“जुना मी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता,” भावोजी म्हणाले. “म्हणून आवडतो. बाकी त्यात पंखा दिसतो, मास्तर. मला पहिल्या दिवसापासून दिसतो.”

“मलाही,” मास्तर हळूच म्हणाले आणि खाली बसले.

कॅप्टन अजून हिशोब जुळवत होते. “म्हणजे सहा आठवडे आम्ही तुमच्या बाजूने तुमच्याविरुद्ध लढत होतो?”

“हो,” भावोजी म्हणाले. “छान लढलात.”

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक भरली. विषय एकच, अध्यक्षांची हकालपट्टी. आता दुसरीकडे कुठे जागा नसल्यामुळे ती अध्यक्षांच्याच घरी भरली. निर्णय निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून भावोजींना त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन बसायची विनंती करण्यात आली, आणि ते बिचारे जाऊन बसलेही. ठराव सात विरुद्ध एक असा पास झाला. एक म्हणजे मास्तर.

कॅप्टन मोठ्या दुःखाने निकाल वाचत असताना ताई बाहेर आली. हातात चहाचा ट्रे नव्हता.

“झालं का काढून त्यांना?” तिने विचारलं.

“हो वहिनी. नाइलाज होता. नियम म्हणजे नियम.”

“बरोबर आहे. मग आता ते मंडळात नाहीत.”

“नाहीत.”

“आणि खोली त्यांची आहे,” ताई म्हणाली आणि जाऊन पडदे उघडले. इतका उजेड आत आला की कॅप्टनांनी डोळ्यांवर हात धरला. “उठा आता. मला सोफा पुसायचाय.”

मंडळ सध्या कॅप्टनांच्या घरी भरतं. तिथल्या वहिनी अर्ध्या तासाच्या वर बसू देत नाहीत, त्यामुळे यान ग्रहावर पोचण्याआधीच सभा बरखास्त होते. आमचे संपादक काही दिवस खिन्न होते. मग त्यांनी दंतवैद्य बाईंना सदर दिलं.

मास्तर एका सोमवारी दुकानात आले. नंबर तपासायचाय म्हणाले. भावोजींनी खुर्चीत बसवलं, भिंगं लावली, तक्ता वाचून घेतला. नंबर होता तिथेच होता. मास्तर उठेनात.

“मी पुन्हा जाऊन आलो,” ते अखेर म्हणाले. “एकटाच. आणि काल आणखी एकदा. गुरुवारी उतरतोय म्हणे तो थेटरातून. बुधवारी येता का?”

बुधवारी ताईला घेऊन आम्ही चौघं गेलो. थेटर जवळजवळ रिकामं होतं, त्यामुळे रडायला भरपूर जागा होती, आणि तिचा दोघांनी यथेच्छ वापर केला. बाहेर आल्यावर भावोजी आणि मास्तर एकमेकांना टाळी देत होते, आता हाच कसा खरा अभिजात वगैरे. नव्या मंडळाला नाव काय द्यावं इथपर्यंत मजल गेली.

मग भावोजींना काय वाटलं कोण जाणे. ते थांबले आणि ताईकडे वळून म्हणाले, “तुला कसा वाटला गं?”

ताई पर्समध्ये रुमाल ठेवत होती. “मला? नवा की जुना?”

“दोन्ही.”

“दोन्हीकडे बाकीचे पाच जण त्या मेकॅनिकला टाकून निघून जातात,” ताई म्हणाली. “जुन्यात जातात, नव्यातही जातात. खिडकीतून वळून बघत नाही एकसुद्धा मेला. तुम्ही सगळे ती सावली बघत बसता. माझं सगळं लक्ष यानात असतं. इतकी वर्षं एकत्र राहिलेली माणसं, आणि निघाल्यावर जेवायला काय आहे ते विचारतात! तुम्हाला नाही खटकलं कधी?”

भावोजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

“जेवायचं विचारतात?” भावोजी म्हणाले. “कुठे?”

“अहो, यान उडताना. नीट ऐका की जरा,” ताई म्हणाली आणि चालायला लागली. आम्ही तिघं तिच्यामागून भराभर निघालो. पुढे ती आणखी काय सांगते ते ऐकू यायला हवं होतं.